ताप उतरल्याचा दिवस

कुंभारकोडी, ता. निपाणी
दि. ३ जुलै २०२४

सौ. क्षमा हिस, श्रीपालकडून जय जिनेंद्र.

तुझे पत्र परवा पोहोचले. पावसाने कणकुंबीचा टॉवर बंद पडल्यामुळे आपल्याला कागदावर यावे लागले, याचे मला फारसे दुःख नाही. चिकोडीच्या न्यायालयात तेहतीस वर्षे शिरस्तेदार म्हणून कागदपत्रे सांभाळल्यामुळे बोललेल्यापेक्षा लिहिलेल्यावर माझा विश्वास अधिक आहे. निपाणीच्या गाडीने बेळगाव आणि तेथून नागेंद्र कंडक्टरच्या हाती, असे पत्र दुसऱ्या दिवशी तुला मिळते, ही सोयही वाईट नाही.

सौम्या येथे रुळली आहे. तुझी बहीण त्रिशला गेल्यावर या घरात कोणीतरी बोलणारे असावे म्हणून तू आपली दहा वर्षांची मुलगी जूनमध्ये माझ्याकडे आणून सोडलीस, याची जाणीव मला रोज असते. पाचवीच्या वर्गात तिला मागच्या बाकावर बसवले होते. मी गुरुजींना सांगून पुढे आणविले. संध्याकाळी ती शेजारी चंपाआत्याकडे सागरगोटे खेळते. आत्याचे वय चौऱ्याऐंशी असून ती लबाडी करते, अशी सौम्याची तक्रार आहे. मी चौकशी केली. तक्रार खरी आहे.

गावात तापाची साथ आहे हे तू ऐकलेस ते बरोबर आहे. शाळेतील चार मुले आजारी आहेत. पावसाळ्यात ताप येतोच. काळजी नसावी.

त्रिशलाच्या स्मरणार्थ मी शाळेला बांधून दिलेला हौद तू नीट पाहिलेला नाहीस. कूपनलिकेचे पाणी दिवसाआड येत असल्याने मुलांची आबाळ होत असे. ती आता थांबली. त्रिशला घरी ज्या रीतीने पाणी गाळत असे तीच रीत मी शाळेत घालून दिली आहे. रोज सकाळी दोन मुली हौदाचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून माठ भरतात, आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, फडके उलटे करून पुन्हा हौदात सोडतात. एकही जीव दगावत नाही. या आठवड्यात हे काम सौम्याकडे आहे आणि ती ते मनापासून करते.

गेल्या शनिवारी आशा कार्यकर्ती मालुबाई एका बरणीत गप्पी मासे घेऊन आली. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते हौदात सोडावेत, असे तिचे म्हणणे. जन्मभर अहिंसेचे व्रत पाळलेल्या स्त्रीच्या नावाच्या हौदात मी असले काही होऊ देणे शक्य नव्हते. शाळा समितीचा अध्यक्ष या नात्याने मी लेखी नकार दिला आणि त्याची पोच घेतली.

श्रीपाल


कणकुंबी
६ जुलै

दाजी, नमस्कार.

तुम्ही पोच घेतलीत हे वाचून मी वर्गात एकटीच हसले. मालुबाईनं सही कागदावर केली की बरणीवर?

पण पुढं हसू आलं नाही. चार मुलं आजारी, ती किती मुलांपैकी? कुठल्या वर्गातली? रक्त तपासलं का? तुम्ही सागरगोट्यांची चौकशी केलीत, तापाची केली नाहीत. आणि 'काळजी नसावी' हे शब्द मला पुन्हा लिहू नका. काळजी करायची की नाही ते मी ठरवते. तुम्ही मला आकडे लिहा.

इथं दिवसरात्र धो धो पाऊस आहे. आमच्या शाळेतही दोन मुलांना ताप आला, पण आरोग्य केंद्राची बाई येऊन शाळेमागच्या सगळ्या बादल्या पालथ्या घालून गेली. सौम्याला पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा. दिवसा मच्छरदाणीत बसता येत नाही हे मला कळतं, म्हणून निदान हातापायांना कडुलिंबाचं तेल लावा. ती वासाला नाक मुरडेल. मुरडू दे.

तिला सांगा, आई म्हणाली आत्याआजीची लबाडी पकडायची नसते, शिकून घ्यायची असते.

क्षमा


कुंभारकोडी
दि. १० जुलै २०२४

सौ. क्षमा हिस,

तू मागितलेले आकडे पुढीलप्रमाणे. शाळेची पटसंख्या अडुसष्ट. काल गैरहजर अकरा. त्यांपैकी नऊ तापाने. दुसरीतील तिघे, पाचवीतील चौघे, उरलेले इतर वर्गांतील. तिघांच्या रक्तात डेंगी निघाला असून त्यांपैकी एकाला निपाणीला दाखल केले आहे. सौम्याची प्रकृती उत्तम आहे. तेल लावले. नाक मुरडले.

मालुबाई सोमवारी पुन्हा आली. या वेळी बरणीऐवजी बॅटरी होती. मुलींच्या देखत तिने हौदात प्रकाश पाडला आणि मला हाक मारली.

"आप्पा, वाकून तरी बघा. हितं वळवळतंय न्हवं का?"

मी म्हणालो, "पाणी आहे तेथे जीव असणारच. म्हणून तर आम्ही गाळून पितो."

"पिणाऱ्याला काय होत न्हाय वो! चावून घेणाऱ्याला होतंय. ह्या अळ्यांचं आठ-दहा दिसात डास हुत्यात. आणि तुमी काय करताय? त्यास्नी फडक्यात धरून पुन्यांदा पाण्यात सोडताय. म्हंजे बाळंतिणीला घरपोच डबाच की!"

मुली हसल्या. सौम्याही हसली. मला ते हसणे आवडले नाही. मी मालुबाईला एवढेच विचारले की हे डास याच हौदातून आले याचा पुरावा काय? गावात टाकून दिलेले टायर आहेत, फुटक्या कुंड्या आहेत, जनावरांना पाणी पाजण्याच्या दगडी डोण्या आहेत. ती म्हणाली, "त्या समद्या मी पालथ्या घातल्या आप्पा. ह्यो एकच ऱ्हायलाय. ह्यो पालथा घालायला माझ्या अंगात बळ न्हाय."

हौद रिकामा करून घासावा आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा ठेवावा, असे तिने सुचविले. तसे केल्यास त्यातील प्रत्येक जीव फरशीवर तडफडून मरेल. ज्या दगडावर त्रिशलाचे नाव कोरले आहे त्याच्यासमोर हे घडावे काय, याचे उत्तर तूच दे. तू तिची बहीण आहेस.

श्रीपाल


कणकुंबी
१२ जुलै

दाजी,

तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देते. घडावं. आजच घडावं.

मी तुमच्याइतकं शिकले नाही, पण माझ्या चौथीच्या मुलांनी गेल्या महिन्यात एक काम केलं ते सांगते. पत्र्यावरून गळून साठलेलं पाणी आम्ही काचेच्या ग्लासात घेतलं. त्यात अळ्या होत्या. वरून फडकं बांधलं आणि खिडकीत ठेवलं. नवव्या दिवशी फडक्याच्या आत सतरा डास बसले होते. सतरा! एका ग्लासात. मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि मला तुमचा हौद आठवला. त्यावर फडकं कुठंय? तुम्ही फडकं अळ्या वाचवायला वापरता, पोरं वाचवायला नाही.

पुरावा मागू नका. ते कोर्ट नाही, शाळा आहे. आणि आरोपी सुटला तर इथं फिर्यादी मरतो.

तुम्ही हौद रिकामा करा किंवा करू नका, तो तुमचा आणि गावाचा प्रश्न. सौम्या माझी आहे. सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या गाडीत तिला बसवून द्या. बेळगावच्या स्टँडवर नागेंद्र तिला उतरवून घेईल आणि आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवेल. मी त्याच्याशी बोलले आहे. तो म्हणाला, "टीचर, पोरीला न्हाय, राणीला आणल्यागत आणतो." पुस्तकं राहू देत. कपडे राहू देत. ती तेवढी पाठवा.

क्षमा


कुंभारकोडी
दि. १५ जुलै २०२४

सौ. क्षमा हिस,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. आज सकाळच्या गाडीने सौम्याला पाठविणे झाले नाही; त्याच गाडीने हे पत्र पाठवीत आहे. पाऊस आहे आणि घाटातील रस्त्याची खात्री देता येत नाही. एवढ्या लहान मुलीला एकटीने दोन गाड्या बदलायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही.

तिचे अक्षर पूर्वीपेक्षा वळणदार झाले आहे. आज तिने तुला लिहिले नाही, कारण हात दुखतो म्हणते.

हौदाविषयी समितीची बैठक बोलावण्याचा माझा विचार आहे.

श्रीपाल


कणकुंबी
१६ जुलै

दाजी,

काल मी स्टॉपवर दोन तास उभी होते. गाडी आली. नागेंद्र उतरला आणि त्यानं पोरीऐवजी माझ्या हातात पाकीट दिलं. त्याला माझ्याकडं बघवेना.

तुमचं पत्र मी सहा वेळा वाचलं. तुम्ही कधी अर्ध्या पानाचं पत्र लिहीत नाही. आणि घाटाची खात्री! पंधरा दिवस तुमची पत्रं त्याच घाटातून येतायत.

तिचा हात का दुखतो?

आज सकाळपासून पुलावरनं पाणी चाललंय, गाडी बंद झाली. आमच्या शाळेचा शिपाई भावकू हे पत्र घेऊन रानवाटेनं चालत जांबोटीला जातोय. तिथनं ते नागेंद्रकडं जाईल. मीही निघणार होते. त्यानं मला अडवलं. म्हणाला, "बाई, वढ्याला छातीभर पाणी हाय. तुमी व्हावून गेलासा तर पोरीला काय सांगू?"

इथं टॉवर नाही, पण बळ्ळारीला तर फोन लागतो ना? सौम्याच्या बाबांना तुम्ही का नाही कळवलंत? कालच्या कालच का नाही?

मला लांब उत्तर नको. तिला ताप आहे का? होय किंवा नाही, एवढं लिहा.

क्षमा


बेळगाव, रुग्णालय
दि. १८ जुलै २०२४, दुपारी चार

क्षमा,

उत्तर 'होय' असे आहे.

सौम्याला रविवारी, चौदा तारखेला सायंकाळी ताप आला. सोमवारचे पत्र मी लिहीत होतो तेव्हा ती पलीकडच्या खोलीत एकशे तीन तापाने पडली होती. तिचा हात दुखत होता हे मी लिहिले ते असत्य नव्हते. तिचे सर्वांग दुखत होते. त्यांपैकी हात तेवढा मी तुला कळविला. दोन दिवसांत ताप उतरेल आणि मग सविस्तर लिहू, असा माझा हिशेब होता.

प्रथम आजची स्थिती सांगतो. ती मुलांच्या वॉर्डात आहे. सलाइन चालू आहे. प्लेटलेट एकतीस हजारांवर आल्या आहेत. डॉक्टर तरुण असून त्यांनी स्पष्ट सांगितले की पुढचे छत्तीस तास जोखमीचे आहेत. दर तासाला रक्तदाब पाहतात. तिने मघाशी डोळे उघडून "आई आली का?" असे विचारले. मी "रस्त्यात आहे" असे सांगितले. हे मात्र असत्य होते. जिनेंद्ररावांना मी सकाळी दहा वाजता बळ्ळारीला फोन केला. ते निघाले आहेत.

आता आज सकाळचे. मालुबाईने मंगळवारी रक्त नेले होते आणि तापाच्या गोळ्या देऊन बजावले होते की काही बिघडले तर ताबडतोब हाक मारा. आज साडेसातला सौम्याचे अंग निवले. थर्मामीटर लावला, साडेअठ्ठ्याण्णव. चंपाआत्या म्हणाली, "उतरला रं बाबा एकदाचा! मऊ भात टाक लेकीला." शेजारच्या बायका "सुटली पोर" म्हणून गेल्या. मलाही हायसे वाटले. मी तुला पत्र लिहावयास बसलो. 'ताप उतरला आहे' एवढे लिहून झाले आणि आतून सौम्याचा आवाज आला, "काका, पोटात लई दुखतंय." मी जाऊन तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

तो गारवा माझ्या ओळखीचा होता.

क्षमा, गेल्या सप्टेंबरात दशलक्षण पर्वात त्रिशलालाही ताप आला होता. तो चौथ्या दिवशी उतरला. तिने उठून स्वयंपाक केला. पोटात दुखते म्हणाली, ते मी उपवासाचे पित्त समजलो आणि सुंठीचे पाणी दिले. तिचे हात गार लागले तेव्हा ताप उतरला की हात गारच लागतात, असे मीच तिला समजावले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. ताप असताना घेतलेल्या रक्ताचा अहवाल त्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या हाती आला. तिला डेंगी होता. डेंगीत खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो, हे मला तेव्हा अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' असे लिहिलेले होते. ते खोटे नव्हते, म्हणून मी तुम्हा सर्वांना तेवढेच सांगितले. अहवाल मी कपाटात ठेवला.

आज मी भात टाकू दिला नाही. तिला तसेच पांघरुणात गुंडाळून रस्त्यावर आणले. मालुबाईने भाजीची जीप थांबविली आणि स्वतः पुढे बसली. निपाणीत त्यांनी सलाइन लावून रुग्णवाहिकेने थेट बेळगावला पाठविले.

कोणाला ठाऊक नव्हते अशी गोष्ट मला ठाऊक होती, आणि तरीही मी हौदाची पोच घेत बसलो. याहून अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही. पुलावरचे पाणी उतरले की ये. भावकू जांबोटीला थांबला आहे असे नागेंद्र म्हणतो. हे पत्र त्याच्या हाती पडेल.

श्रीपाल


कणकुंबी
२९ जुलै

दाजी,

सौम्या आज दोन भाकऱ्या जेवली. अंगावरचे लाल ठिपके गेले. अजून जिना चढताना दम लागतो, पण तोंडाला दम लागत नाही, सकाळपासून बडबडतेय.

रुग्णालयात मी चार दिवस तुमच्या समोरच्या बाकावर बसले आणि तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. यांनी दोन वेळा मध्यस्थी केली आणि दोघांकडून मार खाल्ल्यासारखं तोंड करून चहा आणायला गेले. त्या डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबांनी सकाळी आणलं म्हणून. संध्याकाळी आणलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो." हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण खरं ते लिहायचं असं आपल्या दोघांत आता ठरायला पाहिजे, म्हणून लिहिते.

आणि आता माझं ऐका.

आक्का गेली त्याच्या आठवडाभर आधी मी तिच्याशी फोनवर भांडले होते. ती म्हणत होती, सौम्याला माझ्याकडं ठेव, इथली शाळा बरी, मी तिला सांभाळते. तिनं महिनाभर तेच लावलं होतं. मी चिडून बोलून गेले, "तुला मूल नाही म्हणून माझं मागतेस व्हय गं?" पलीकडून काही आवाज आला नाही. फोन ठेवल्याचाही नाही. मग आठ दिवसांनी तुम्ही सांगितलंत, हृदय बंद पडलं.

दहा महिने, दाजी. दहा महिने मी समजत होते की ते हृदय मी बंद पाडलं. जूनमध्ये मी सौम्याला तुमच्याकडं आणून सोडलं ते तुमचं घर रिकामं म्हणून नव्हे. आक्काचं मागणं मेल्यावर तरी पुरं करावं म्हणून. माझ्या पापाची फेड म्हणून मी माझी पोर त्या हौदाशी आणून उभी केली. आणि तुमच्या कपाटात कागद होता!

मला तो कागद पाहिजे. नक्कल नको.

शाळेतली बाकीची मुलं कशी आहेत? हौद अजून भरलेला आहे का?

क्षमा


कुंभारकोडी
दि. ६ ऑगस्ट २०२४

क्षमा हिस,

अहवाल सोबत जोडला आहे. मूळ आहे. मी नक्कल ठेवलेली नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो. सौम्या सोडून एकूण तेवीस मुले आजारी पडली. एकवीस परत शाळेत आली. दोघे घरी आहेत, पण चालते-फिरते आहेत. गेल्या नऊ दिवसांत नवा रुग्ण नाही.

हौद सव्वीस जुलैला रिकामा केला. मी बेळगावहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मालुबाई, गुरुजी आणि काही पालक जमले होते. तळाचे बूच काढायची वेळ आली आणि माझा हात पुढे होईना. एवढे सर्व घडूनही होईना, हे तुला सांगणे आवश्यक आहे. तेवढ्यात चंपाआत्या काठी टेकीत आली. हौदात वाकून तिने बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाली:

"जिवाणी हिरीला द्यायची असती रं. जितलं पाणी तितं. तुझ्या बायकूनं जल्मभर हिरीवर जाऊन दिली, पावसातबी गेली. तू हितं साठवण केलास. शिळ्या पाण्यात जीव निपजतो म्हणून तर आपल्यात पाणी घडीघडीला गाळायचं. जीव मारायचा न्हाय म्हणून तू जीव निपजवत बसलास. हे कुठल्या शास्त्रात शिकलास? कोर्टातल्या?"

मी बूच काढले. पाणी गटाराकडे निघाले आणि त्यात जे होते ते फरशीवर राहिले. ते मी मारले. त्याचे प्रायश्चित्त मी मुनिमहाराजांकडून मागून घेतले आहे आणि ते चालू आहे. त्यानंतर मी आत उतरून भिंती घासल्या. आता दर शुक्रवारी हौद कोरडा करतो आणि वर जाळी बसविली आहे. कोरड्या हौदात काही जन्मतच नाही, त्यामुळे मारण्याचा प्रश्नही येत नाही. इतकी साधी गोष्ट समजण्यास मला अडुसष्ट मुलांची शाळा पणाला लावावी लागली.

त्याच सायंकाळी पालकांची सभा झाली. त्रिशला कशाने गेली, मला ते केव्हा कळले आणि तरीही मी गप्पी मासे का परत पाठविले, हे मी उभे राहून सांगितले. मग खिशातून अध्यक्षपदाचा राजीनामा काढला. मालुबाई मागून म्हणाली, "आप्पा, राजीनाम्यानं डास मरत न्हाईत. त्यो कागूद ठेवा आणि शुक्कुरवारी झाडू घिऊन या." सभेने तिचे म्हणणे मान्य केले. एक पालक मात्र उठून गेले. त्यांची मुलगी सहा दिवस दाखल होती. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावे अशी अपेक्षाही मी ठेवत नाही.

आता तुझ्या पत्रातील दुसरी गोष्ट. ती वाचून मी हे पत्र लिहिण्यास सहा दिवस घेतले.

तुझ्या बोलण्याचा त्रिशलाच्या मृत्यूशी कोणताही संबंध नव्हता. अहवाल तेच सांगतो. परंतु अहवालात नाही असेही काही आहे, आणि खरे तेच लिहायचे असे तू ठरविले आहेस.

त्या भांडणाविषयी मला तिने तेव्हाच सांगितले होते. ती दोन दिवस रडली, हे खरे आहे. ताप उतरला त्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, ती स्वयंपाक आटोपून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "क्षमीचं बरोबर हाय. पोर आईजवळच पायजे. मीच उगंच हट्ट धरला. तिला फोन लावा, मला सांगू दे." मी म्हणालो, "आता अशक्तपणा आहे. विश्रांती घे. उद्या बोल."

हे मला ठाऊक होते. जूनमध्ये तू सौम्याचा हात धरून, तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आक्काची इच्छा होती," तेव्हाही ठाऊक होते. तिची शेवटची इच्छा तशी नव्हती, हे एक वाक्य मी बोलायला हवे होते. मी पिशवी आत घेतली.

घर फार रिकामे होते, क्षमा.

श्रीपाल